सायकल चालवताना गुडघा, कंबर दुखते? मोबाइल वापरून घरीच करा सायकलचं फिटिंग

सायकल घेऊन महिना-दोन महिने झाले की बऱ्याच जणांकडून मी एकच वाक्य ऐकतो : "मला सायकलिंग झेपत नाही रे, गुडघे दुखतात." मग सायकल हळूहळू बाल्कनीत जाते, तिच्यावर टॉवेल वाळायला लागतात आणि वर्षभरात ती ओएलएक्सवर अर्ध्या किमतीत दिसते. बहुतेक वेळा त्या माणसाच्या गुडघ्यात काहीच दोष नसतो. सीट चार सेंटिमीटर खाली असते, एवढंच.

सायकल आपल्या शरीराच्या मापाने जुळवून घेण्याला 'बाइक फिट' म्हणतात. आपल्याकडे बाइक म्हटलं की मोटारसायकल डोळ्यांसमोर येते, म्हणून या लेखात मी सरळ 'फिटिंग' हा शब्द वापरतो. मोठ्या शहरांत हे काम पैसे घेऊन करणारे तज्ज्ञ असतात. त्यांच्याकडे कॅमेरे, सेन्सर आणि सॉफ्टवेअर असतं. पण त्यांच्या कामातला पहिला आणि सगळ्यात महत्त्वाचा भाग तुम्ही तुमच्या खिशातल्या फोनवर करू शकता. फोनमध्ये स्लो मोशन कॅमेरा आहे, उतार मोजणारा सेन्सर आहे आणि नोंदी ठेवायला नोट्स आहे. अजून काय पाहिजे? मेजरिंग टेप, एलन कीचा सेट आणि चार टिकल्या. हो, कपाळाला लावतात त्याच टिकल्या. का ते पुढे कळेल.

दुखणं येतं कुठून?

आधी एक सोपा हिशेब करू. मध्यम वेगाने सायकल चालवताना पेडल मिनिटाला साधारण ८० वेळा फिरतं. म्हणजे एका तासात ४,८०० फेरे, आणि दोन तासांच्या राइडमध्ये प्रत्येक गुडघा ९,६०० वेळा वाकतो आणि सरळ होतो.

चालताना पाय पडेल तिथे आपण थोडंफार वळवून घेतो. दगड आला की पाऊल बदलतो. सायकलवर ती सोय नाही. पाय पेडलवर, बूड सीटवर आणि हात हँडलवर असे आपण तीन ठिकाणी जखडलेले असतो. या तीन जागांमधलं अंतर चुकीचं असेल तर प्रत्येक फेऱ्यात गुडघा त्याच चुकीच्या कोनात वाकणार. एकदा वाकला तर काही होत नाही. ९,६०० वेळा वाकला की तो बोलायला लागतो.

आता सायकल ऑनलाइन मागवली असेल, तर ती बहुतेक वेळा ८५ टक्के जोडलेली येते. पुढचं चाक, हँडल, पेडल आणि सीट आपण बसवायची. सीट किती उंच ठेवायची हे खोक्यात कुणी सांगत नाही. दुकानातून घेतली तरी बऱ्याचदा "बसून बघा, पाय टेकतात का?" एवढ्यावर काम भागतं. इथेच पहिली गडबड होते. सीटवर बसून दोन्ही पाय जमिनीवर आरामात टेकत असतील, तर नेहमीच्या हायब्रीड, एमटीबी किंवा रोड सायकलवर सीट जवळजवळ नक्कीच खाली आहे. या सायकलींवर थांबताना सीटवरून पुढे उतरून उभं राहायचं असतं.

कुठे दुखतंय ते आधी नीट सांगा

'गुडघा दुखतो' एवढं पुरेसं नाही. गुडघ्याचा कुठला भाग? फिटिंगमध्ये हाच पहिला प्रश्न असतो, कारण दुखण्याची जागा बहुतेक वेळा कारणाकडे बोट दाखवते.

• गुडघ्याच्या पुढे, वाटीच्या आसपास : सीट खाली असण्याची शक्यता जास्त, किंवा ती खूप पुढे सरकवलेली आहे. जड गिअरवर जोर लावत चालवण्याची सवय असेल तरी इथेच दुखतं.
• गुडघ्याच्या मागे : सीट जास्त उंच किंवा खूप मागे. पाय प्रत्येक फेऱ्यात ताणला जातो.
• गुडघ्याच्या बाहेरच्या किंवा आतल्या बाजूला : पाऊल पेडलवर तिरकं पडतंय का ते बघा. क्लिप होणारे शूज वापरत असाल तर तळाच्या क्लीटचा कोन तपासा.
• कंबर : हँडल खूप लांब किंवा खूप खाली असेल, नाहीतर सीट उंच असल्यामुळे कंबर डावी-उजवीकडे डुलत असेल.
• मान आणि खांदे : हँडल लांब असल्याने कोपरं ताठ राहतात आणि रस्ता बघायला मान वर उचलून धरावी लागते.
• हाताला मुंग्या, विशेषतः करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाला : तळहातावर जास्त भार पडून तिथली नस दाबली जाते. सीटचं नाक खाली झुकलेलं असलं की शरीर पुढे घसरतं आणि सगळं वजन हातांवर येतं.
• जांघेत बधिरपणा : सीटचं नाक वर उचललेलं, सीट जास्त उंच, किंवा सीटचा आकारच तुम्हाला न जुळणारा. यात लाजण्यासारखं काही नाही आणि 'होईल सवय' म्हणून सोडून देण्यासारखंही नाही.

ही यादी म्हणजे निदान नव्हे, सुरुवात कुठून करायची याचा अंदाज आहे. कुठेही दुखत असलं तरी मी सीटच्या उंचीपासूनच सुरुवात करायला सांगतो, कारण बाकीची मापं तिच्यावर अवलंबून असतात.

पायरी १ : सीटची उंची, टेप आणि कॅल्क्युलेटरने

काहीही हलवण्याआधी एक काम करा. सीटच्या दांड्यावर सीट सध्या जिथे आहे तिथे इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवा आणि फोटो काढून ठेवा. नवीन माप जमलं नाही तर परत जायला रस्ता पाहिजे.

आता पायाची आतली लांबी मोजा. अनवाणी, भिंतीला पाठ लावून उभे राहा. पायांमध्ये साधारण वीतभर अंतर ठेवा. जाड पुठ्ठ्याचं पुस्तक दोन्ही पायांच्या मधून वर घ्या, सीटवर बसल्यावर जेवढा दाब येतो तेवढा दाब देऊन ते भिंतीला काटकोनात धरा. पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंतचं अंतर म्हणजे तुमचं माप. दोन-तीनदा मोजा आणि सरासरी घ्या. पँटची लांबी इथे चालत नाही, ती नेहमी कमी असते.

या मापावरून सीटची उंची काढायचे दोन जुने नियम आहेत.

पहिला नियम ग्रेग लेमाँड या अमेरिकन सायकलपटूच्या नावाने ओळखला जातो. त्याने १९८६, १९८९ आणि १९९० साली टूर द फ्रान्स जिंकली होती. नियम असा : पायाची लांबी × ०.८८३. जो आकडा येईल तेवढं अंतर क्रँकच्या मधल्या बोल्टपासून सीटच्या वरच्या पृष्ठभागापर्यंत, दांड्याच्या रेषेत मोजायचं.

दुसरा नियम १९६७ सालच्या हॅम्ले आणि थॉमस यांच्या अभ्यासातला : पायाची लांबी × १.०९. हे अंतर सीटच्या वरच्या बाजूपासून, सगळ्यात खाली असलेल्या पेडलपर्यंत मोजायचं.

समजा तुमचं माप ८० सेमी आहे. पहिल्या नियमाने सीट ७०.६ सेमीवर येते. दुसऱ्या नियमाने ८७.२ सेमी. आता क्रँकची लांबी बऱ्याच सायकलींवर १७० मिमी, म्हणजे १७ सेमी असते. ७०.६ मध्ये १७ मिळवले की ८७.६. दोन वेगवेगळ्या रस्त्यांनी आलो, तरी फरक फक्त ४ मिलिमीटरचा! म्हणून सुरुवातीचा अंदाज म्हणून हे नियम चांगले आहेत.

टेप नसेल तर आणखी सोपी चाचणी आहे. भिंतीला टेकून सायकलवर बसा, टाच पेडलवर ठेवा आणि पेडल उलटं फिरवत सगळ्यात खाली आणा. गुडघा जेमतेम सरळ झाला पाहिजे. नंतर पावलाचा पुढचा भाग पेडलवर ठेवला की गुडघ्यात आपोआप थोडा वाक येतो.

एक सावधगिरी. सीटच्या दांड्यावर 'मिनिमम इन्सर्ट' अशी रेष कोरलेली असते. ती रेष फ्रेमच्या बाहेर दिसता कामा नये. हव्या त्या उंचीला ती बाहेर येत असेल, तर लांब दांडा घ्या किंवा सायकलची साइझच तुमच्यासाठी लहान आहे असं समजा.

पायरी २ : कॅमेऱ्याने कोन मोजा

सूत्र सगळ्यांना एकच उत्तर देतं. पण कुणाचं पाऊल मोठं असतं, कुणी टाच खाली सोडून पेडल मारतं, कुणाच्या मांडीचे स्नायू आखडलेले असतात. म्हणून आता फोन बाहेर काढायचा. आपल्याला एकच गोष्ट बघायची आहे : पेडल सगळ्यात खाली असताना गुडघा किती वाकलेला आहे?

आता टिकल्या. घट्ट शॉर्ट्स घाला आणि कॅमेऱ्याकडच्या बाजूला तीन टिकल्या लावा. एक मांडीच्या वर, नितंबाच्या बाजूला जे हाड हाताला लागतं त्यावर (पाय मागे-पुढे हलवा, ते हाड बोटाखाली हलताना कळतं). दुसरी गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला मध्यावर. तिसरी घोट्याच्या बाहेरच्या हाडावर. चौथी टिकली पडली तर हाताशी असू द्या. घामाने एखादी पडतेच.

फोन कसा ठेवायचा?

• सायकलपासून ३ ते ४ मीटर लांब, बरोबर काटकोनात. जवळून तिरका काढलेला व्हिडिओ कोन चुकवतो.
• उंची साधारण गुडघा ते कंबर यांच्या मधली. स्टूल आणि दोन पुस्तकं, झाला ट्रायपॉड.
• नेहमीची १ एक्स लेन्स वापरा. ०.५ एक्सची वाइड लेन्स कडेच्या रेषा वाकवते.
• स्लो मोशन, १२० किंवा २४० फ्रेम.

स्लो मोशनच का? पेडल मिनिटाला ८० वेळा फिरतंय असं धरू. साध्या ३० फ्रेमच्या व्हिडिओत एका पूर्ण फेऱ्याचे जेमतेम २२ फोटो मिळतात, म्हणजे दोन फोटोंमध्ये पेडल १६ अंश पुढे गेलेलं असतं. २४० फ्रेममध्ये तोच फेरा १८० फोटोंत विभागला जातो, दर फोटोला फक्त २ अंश. पेडल नेमकं तळाला असतानाचा फोटो सापडायची खात्री वाढते. मात्र स्लो मोशनला उजेड भरपूर लागतो. ट्यूबलाइटखाली चित्र काळपट आणि लुकलुकतं येतं, म्हणून सकाळच्या उन्हात, सोसायटीच्या पार्किंगमध्ये काम उरका.

घरात सायकल ट्रेनर असेल तर उत्तमच. नसेल तर मित्राला फोन धरायला सांगा आणि त्याच्यासमोरून सरळ रेषेत पाच-सहा वेळा सायकल चालवत जा. ज्या फेरीत तुम्ही बरोबर कॅमेऱ्यासमोर असताना पेडल तळाला आलं असेल, ती फ्रेम निवडा.

त्या फ्रेमचा स्क्रीनशॉट घ्या. गॅलरीतल्या एडिटमध्ये जाऊन नितंब ते गुडघा आणि गुडघा ते घोटा अशा दोन रेषा काढा. कोन मोजायला अँगल मोजणारं कुठलंही अ‍ॅप चालेल. लॅपटॉपवर करायचं असेल तर 'किनोव्हिया' हे मोफत सॉफ्टवेअर खास यासाठीच आहे. आणि काहीच नसेल तर कंपास पेटीतला कोनमापक स्क्रीनवर ठेवा. खरंच चालतो!

आकडा वाचताना एक गोंधळ टाळा. काही अ‍ॅप गुडघ्याच्या आतला कोन दाखवतात, उदाहरणार्थ १५० अंश. फिटिंगमध्ये बहुतेक वेळा 'किती वाकला' ते सांगतात, म्हणजे १८० वजा १५०, ३० अंश. जागेवर थांबून मोजलं तर हा वाक २५ ते ३५ अंशांमध्ये असावा असं साधारण मानलं जातं. चालत्या सायकलवर तो थोडा जास्त येतो, ३० ते ४० पर्यंत. वाक यापेक्षा बराच जास्त असेल तर सीट खाली आहे. कमी असेल तर सीट उंच आहे.

साधारण उंचीच्या माणसाच्या पायाचा त्रिकोण मांडून बघितला, तर घोटा आहे तसाच ठेवल्यास सीट १ सेमी वर-खाली केल्यावर गुडघ्याचा कोन जवळपास ५ अंश बदलतो. यावरून कळेल की अर्धा सेंटिमीटरही शरीराला जाणवतो.

याच वेळी मागून एक व्हिडिओ काढा. कंबर प्रत्येक फेऱ्याला डावी-उजवीकडे डुलत असेल तर पाय पेडलपर्यंत पोहोचायला धडपडतायत, सीट थोडी खाली घ्या. कंबरदुखीचं हे एक नेहमीचं कारण असतं, आणि सायकलवर बसल्या बसल्या ते आपल्याला कळत नाही. व्हिडिओत लगेच दिसतं.

एआय वाली अ‍ॅप हे काम कसं करतात?

आता काही अ‍ॅप आणि वेबसाइट अशा आहेत की व्हिडिओ टाकला की टिकल्यांशिवाय कोन सांगतात. यामागच्या तंत्राला 'पोझ एस्टिमेशन' म्हणतात. असंख्य माणसांचे फोटो दाखवून मॉडेलला शिकवलेलं असतं की खांदा, नितंब, गुडघा, घोटा चित्रात कुठे असतो. गूगलच्या मीडियापाइपमधलं असंच एक मॉडेल शरीरावर ३३ बिंदू शोधतं आणि ते साध्या फोनवरही चालतं. बिंदू सापडले की कोन काढणं ही दहावीची भूमिती आहे.

पण मॉडेल हाड बघत नाही, कपडे आणि कातडी बघून अंदाज बांधतं. ढगळ ट्रॅक पँट घातली की नितंबाचा बिंदू इकडेतिकडे उड्या मारतो. पलीकडचा पाय अलीकडच्या पायात मिसळतो. म्हणून अ‍ॅपने ३४.७ अंश असं दशांशात सांगितलं तरी दोन-चार अंश इकडेतिकडे धरूनच चाला. टिकली लावून एकदा स्वतः मोजून बघितलं की अ‍ॅपवर किती विश्वास ठेवायचा ते कळतं. आणि हो, व्हिडिओ फोनवरच तपासला जातो की सर्व्हरवर अपलोड होतो, हे आधी वाचा. घट्ट कपड्यांमधला तुमचा व्हिडिओ आहे तो.

पायरी ३ : सीट पुढे-मागे आणि सपाट

उंची जमली की सीट पुढे-मागे किती हे बघायचं. पेडल आडवे करा, म्हणजे घड्याळातल्या ३ आणि ९ च्या जागी. पुढच्या पायाच्या गुडघ्याच्या वाटीखाली जो हाडाचा उंचवटा लागतो तिथून ओळंबा सोडा. गवंडी भिंत सरळ आहे का बघायला वापरतात तोच ओळंबा. दोरीला एक नट बांधला तरी काम होतं. दोरी पेडलच्या दांडीच्या आसपास पडली पाहिजे. ती बरीच पुढे पडली तर सीट मागे घ्या, बरीच मागे पडली तर पुढे. हा काही निसर्गनियम नाही, चांगली सुरुवात आहे. सीट मागे सरकवली की पेडलपासूनचं अंतरही थोडं वाढतं, त्यामुळे उंची पुन्हा तपासा.

एक गोष्ट मात्र करू नका. हँडल लांब वाटतंय म्हणून सीट पुढे ओढू नका. सीटची जागा पायांसाठी ठरवायची असते. हातांचा प्रश्न हँडलकडे सोडवायचा.

आता सीटचा उतार. फोनमधलं लेव्हल उघडा. आयफोनच्या 'मेझर' अ‍ॅपमध्ये ते असतंच. अँड्रॉइडमध्ये बऱ्याच फोनांच्या कंपासमध्ये मिळतं, नाहीतर बबल लेव्हलची मोफत अ‍ॅप आहेत. फोनच्या आत अ‍ॅक्सेलरोमीटर नावाचा चिमुकला सेन्सर असतो. त्यातला सूक्ष्म भाग गुरुत्वाकर्षणाने कुठल्या दिशेला ओढला जातो, यावरून फोन किती तिरका आहे ते कळतं. म्हणजे गवंड्याची पाणसळ आपल्या खिशातच आहे.

फोन थेट सीटवर ठेवू नका. सीट बाकदार असते आणि फोनचा कॅमेरा मागे उंच आलेला असतो. सीटवर लांबीच्या दिशेने पुठ्ठ्याचं पुस्तक ठेवा, त्यावर फोन असा ठेवा की कॅमेरा पुस्तकाच्या कडेबाहेर राहील. आधी जमीन सपाट आहे का तेही त्याच पुस्तकाने बघून घ्या. पार्किंगला पाणी वाहून जायला उतार दिलेला असतो! सुरुवात ० अंशांपासून करा. जांघेत दाब वाटत असेल तर नाक १-२ अंश खाली करून बघा. त्याहून जास्त झुकवलं की हातांवर भार यायला लागतो.

पायरी ४ : हँडल, म्हणजे कंबर, मान आणि हात

सायकलवर बसून हँडल धरा. कोपरं थोडी वाकलेली, खांदे सैल आणि मनगट हाताच्या रेषेत सरळ असलं पाहिजे. बाजूचा व्हिडिओ पुन्हा बघा. कोपरं ताठ आणि पाठ गोल कमान झालेली दिसली तर हँडल लांब किंवा खाली आहे.

सोपी चाचणी : ट्रेनरवर किंवा मित्राने सायकल घट्ट धरलेली असताना, पुढे वाकून हात हँडलवरून किंचित उचला. लगेच पुढे पडायला होत असेल तर तुमचं वजन हातांवर आहे.

उपाय कमी खर्चापासून जास्त खर्चाकडे :

१. ब्रेकच्या लिव्हरचा कोन बदला. बोटं लिव्हरवर ठेवल्यावर मनगट मुडपता कामा नये. खर्च शून्य.
२. हँडल वर घ्या. जुन्या पद्धतीच्या स्टेमचा दांडा वरचा बोल्ट सैल करून उचलता येतो, पण त्यावरही मर्यादेची रेष असते. नव्या सायकलींमध्ये स्टेमच्या वर-खाली गोल चकत्या असतात. वरच्या चकत्या खाली घातल्या की हँडल वर येतं.
३. स्टेम उलटा बसवा. बऱ्याच स्टेमना उतार असतो, उलटा केला की हँडल वर उचललं जातं.
४. आखूड स्टेम घ्या. हँडल जवळ येतं.

२, ३ आणि ४ साठी मी सायकलवाल्याकडेच जायला सांगेन. स्टेम नीट आवळला नाही तर पुढचं चाक एकीकडे आणि हँडल दुसरीकडे जातं, आणि तेही ट्रॅफिकमध्ये. बोल्टवर '५ एनएम' असं काही लिहिलेलं असेल तर त्याहून जास्त आवळायचं नाही, कार्बनच्या भागांवर तर अजिबात नाही.

कंबर फक्त हँडलमुळेच दुखते असंही नाही. कॉलेजला जाताना लॅपटॉपची सॅक पाठीवर असेल तर ती मागच्या कॅरिअरवर बांधा. फोन हँडलवर लावून सारखं खाली बघत चालवत असाल तर मान दुखणारच. नेव्हिगेशन आवाजावर ठेवा. रस्त्याचं ऐकू यावं म्हणून फोनच्या स्पीकरवरच, कानात काही न घालता.

एका मित्राची सायकल

हे सगळं प्रत्यक्षात कसं होतं ते सांगतो. माझ्या एका मित्राचा गुडघा पुढच्या बाजूला दुखायचा. घाटात तर जास्तच. त्याच्या पायाचं माप ७८ सेमी, म्हणजे सूत्राने सीट ६८.९ वर हवी. प्रत्यक्षात ती ६४.५ वर होती. गुडघ्याचा वाक जवळपास ५० अंश.

आम्ही सीट एकदम ४ सेमी वर नेली नाही. इतका बदल एका दिवसात केला तर आजवर न ताणलेले स्नायू दुसऱ्या दिवशी तक्रार करतात. दर दोन-तीन राइडनंतर ५ मिलिमीटर, असं करत गेलो. गुडघ्याचं दुखणं कमी होत गेलं, पण मध्येच हाताला मुंग्या यायला लागल्या. सीट वर गेली म्हणजे हँडल तुलनेने खाली गेलं होतं. लेव्हल लावून बघितलं तर सीटचं नाक ६ अंश खाली झुकलेलं. आधी सीट खाली असल्यामुळे ते खपून जात होतं. नाक वर आणून १ अंशावर ठेवलं आणि हँडलखाली एक चकती घातली. मुंग्या थांबल्या.

यातून घ्यायची गोष्ट अशी : एक माप हलवलं की दुसरं हलतं. म्हणून एका वेळी एकच बदल करा आणि दोन-तीन राइड तसंच चालवा. तीन गोष्टी एकदम बदलल्या तर कशामुळे बरं वाटलं, किंवा कशामुळे बिघडलं, ते कधीच कळणार नाही.

त्यासाठी फोनच्या नोट्समध्ये एक साधी नोंद ठेवा : तारीख, सीटची उंची, उतार, किती किलोमीटर, कुठे दुखलं, किती वेळाने दुखलं. दोन आठवड्यांत चित्र स्पष्ट होतं. सायकल कुणी उसनी नेली आणि सीट खाली करून परत आणून दिली, तरी तुमचा आकडा तुमच्याकडे असतो.

फिटिंगने न सुटणाऱ्या गोष्टी

सीट कितीही अचूक लावली तरी जड गिअरवर मिनिटाला ५० फेऱ्यांनी घाट चढलात तर गुडघ्यावर ताण येणारच. हलका गिअर टाका आणि पाय जरा भरभर फिरवा, मिनिटाला ७० ते ९० फेरे. पाय पेडलवर ठेवताना पावलाचा पुढचा रुंद भाग दांडीवर येऊ द्या. चप्पल घालून मधल्या खळग्याने पेडल मारायची सवय बऱ्याच जणांना असते. आणि मागच्या रविवारी १५ किलोमीटर केले म्हणून या रविवारी सिंहगड गाठायचा हट्ट नको.

काही दुखणी सायकलची नसतातच. गुडघ्याला सूज आली, तो मध्येच अडकला, पडल्यानंतर दुखायला लागला, रात्री झोपेतही दुखतो, कंबरेतून पायात कळ किंवा मुंग्या उतरतात, पायातली ताकद कमी वाटते, तर पाना खाली ठेवा आणि ऑर्थोपेडिक डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्टकडे जा. जांघेचा बधिरपणा राइड संपल्यावरही राहत असेल तरी तेच. मापं सगळी बरोबर असूनही दोन-तीन आठवड्यांत फरक पडला नाही, दोन पायांच्या लांबीत फरक वाटतोय, किंवा क्लिपचे शूज वापरून लांबच्या राइड करताय, तर पैसे देऊन तज्ज्ञाकडून फिटिंग करून घेणं योग्य. जाताना तुमची नोंद आणि व्हिडिओ घेऊन जा, त्यांचंही काम सोपं होईल.

पण त्याआधी या रविवारी सकाळी अर्धा तास काढा. टेप, पुस्तक, एलन की आणि चार टिकल्या घेऊन पार्किंगमध्ये उतरा आणि फक्त सीटची उंची मोजा. हँडल, स्टेम, अ‍ॅप सगळं नंतर. ती एक गोष्ट जमली तरी बाल्कनीतली सायकल पुन्हा रस्त्यावर यायला पुरेशी असते.